चीफ काकांची स्वतंत्र सहल

केनियातल्या आमच्या लिटेन गावात हल्ली कुणाला परदेशी सहलीची लहर आली, की तो आधी माझ्या सायबरच्या दुकानात येऊन तिकिटांचे दर विचारतो आणि मग हटकून चीफ काकांकडे जातो. टूर कंपनीबरोबर जावं की आपलं आपण, असा सल्ला घ्यायला. काका सल्ला देतात. चहाचा थर्मास रिकामा होईपर्यंत देतात आणि शेवटी म्हणतात, "आपलं आपणच जावं. मी नेली होती की वीसेक माणसं झांझिबारला. काही अडलं नाही." हे ऐकलं की माझं टाळकं फिरतं, कारण त्या सहलीचा सेक्रेटरी मी होतो, आणि जे काही अडलं ते माझ्या डोळ्यांदेखत अडलं.

काकांचं नाव विल्सन अरप टोनुई. आमच्या भागाचे सहायक चीफ म्हणून ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. खाकी गणवेश परत केला, पण ती काळी छडी काही सरकारनं मागितली नाही आणि यांनी दिली नाही. ती बगलेत असते. चर्चला जाताना असते, चहाच्या मळ्यात असते, आणि राएल मावशीचं म्हणणं खरं मानलं तर उशाशीही असते. या माणसानं जन्मात कुणाच्या मागे चालण्याचा वसा घेतला नाही. मयतीत ते पाद्रीबाबांच्या पुढे असतात. लग्नात नवरीच्या गाडीपुढे उभे राहून ड्रायव्हरला "डावीकडे घे, अजून घे, बस" असं सांगतात. रस्ता सरळ असला तरी सांगतात. एकदा शाळेच्या फुटबॉल सामन्यात पाहुणे म्हणून बोलावलं, तर मध्यंतराला त्यांनी पंचाला बाजूला घेऊन गोलकीपर बदलायला लावला. दोन्ही संघांचे.

राएल मावशी म्हणजे काकांची बायको आणि माझ्या आईची थोरली बहीण. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. तिच्या मुली, चेलांगत आणि धाकट्या, लग्न होऊन गेल्या आणि घरात आम्ही तिघं उरलो. मुलींच्या बोर्डिंग शाळेचं स्वयंपाकघर मावशीच्या हाताखाली होतं. पाच-सहाशे पोरींचा मका-घेवडा सकाळ-संध्याकाळ शिजवायचा, आणि घरी येऊन काकांचा वेगळा. काकांना शाळेतलं आणलेलं चालत नसे, "सरकारी वास येतो," म्हणत. स्वतः जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस!

तर मावशी निवृत्त झाली आणि तिनं एक गोष्ट मागितली. तिच्याच शाळेची मेट्रन लिया केरिचो शहरातल्या एका टूर कंपनीबरोबर झांझिबारला निघाली होती. तिनं दिलेलं जाहिरातीचं पत्रक मावशीनं माझ्या हातात ठेवलं. काका समोरच्या सोफ्यावर बसले होते.

"वाच रे, काय लिहिलंय."

"झांझिबार. पाच रात्री. जाणं-येणं, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, सगळं धरून."

"शेवटचं परत वाच."

"सगळं धरून."

"ऐकलंत ना?" मावशी काकांना म्हणाली. "सगळं धरून."

"त्याच्या खालचंही वाच म्हणावं," काका म्हणाले. पत्रक त्यांनी आधीच चोरून वाचलेलं दिसत होतं. "सकाळी ठरलेल्या वेळी जमावे. गाइडच्या छत्रीमागे राहावे. छत्रीमागे! या वयात मी एका पोरीच्या छत्रीमागं शेळीसारखा चालू?"

"शेळीला चारा तरी आयता मिळतो."

"राएल, तुला कळत नाही. टूरवाले काय करतात? इकडे बघा म्हटलं की इकडे बघायचं, मुतायचं तेही त्यांनी सांगितलं की. आपलं आपण गेलं की मन मानेल तिथं थांबावं, मन मानेल तिथं खावं."

"आणि ते खायचं करणार कोण?"

"हॉटेलवाले करतील ना!"

मावशीनं पत्रकाची घडी घातली. भांडणाचा सूर सोडून ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "चेलांगतचे बाबा, मी सांगते तुम्हाला मला काय पाहिजे ते. समुद्र बघायला मिळाला तर चांगलंच. पण मला पाहिजे ते एवढंच, की चार दिवस माझ्यापुढं ताट यावं आणि ते कुणी केलं, मीठ कुणी घातलं, भांडं कोण घासणार, यातलं काही मला माहीत नसावं. टूरमध्ये ते मिळतं. तुमच्या मन मानेल त्यात मिळेल का?"

"मिळेल! हा चीफचा शब्द. तू, मी आणि हा पोरगा. तिघंच. हॉटेलात राहू, हॉटेलात जेवू."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ती हो म्हणाली. काकांचा शब्द खोटा नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. ते लबाड नाहीत. लबाड असते तर निदान सांभाळून राहता आलं असतं.

देशाबाहेर जायचं म्हणजे आमच्यात भाऊबंदांना सांगून, त्यांचा आशीर्वाद घेऊन जावं लागतं. गुपचूप गेलं तर लोक म्हणतात काहीतरी काळंबेरं आहे. म्हणून रविवारी चर्चनंतर आमच्या परसातल्या अव्होकाडोखाली सगळे जमले. खरं तर काम किती? निघतोय म्हणायचं, मोठ्यांनी प्रार्थना म्हणायची, चहा प्यायचा, संपलं. पण समोर माणसं बसलेली आणि आपण उभे, असं झालं की काकांच्या अंगात बराझा येतो. नोकरीत असताना आठवड्याला एक गावसभा भरवायची सवय. निवृत्तीनंतर तो सगळा तुंबून राहिला होता.

त्यांनी छडी बगलेतून काढली. प्रवासावर बोलले, रस्त्यांवर बोलले, टूर कंपन्यांनी आपल्या लोकांना कसं मेंढरू करून ठेवलंय त्यावर बोलले. ऐकणारे माना डोलवत होते. माना डोलल्या की यांचा आवाज चढतो. शेवटी छडी आभाळाकडे करून म्हणाले, "ज्याला डोळे आहेत, पाय आहेत, त्याला गाइड कशाला? ज्याच्यात हिंमत असेल त्यानं चलावं माझ्याबरोबर! चीफ वाट दाखवेल!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर तापसाबेई आत्यांनी हात वर केला.

या काकांच्या थोरल्या बहीण. काका जगात एवढ्या एकाच माणसाला घाबरतात. "मी येते," आत्या म्हणाल्या. "माझा जावईही येईल. घरी बसूनच असतो." मग काकांच्या चुलतभावानं, बेटनं, हात वर केला, गुडघा दुखतो म्हणून समुद्राचं पाणी त्याला लावायचं होतं. मग त्याच्या बायकोनं. मग ज्यांच्या मनात नव्हतं त्यांनी, कारण बेट जातो म्हणजे काय. मी मावशीकडे पाहिलं. ती चहाचा ट्रे धरून दारात उभी होती आणि हात वर होताना एकेकाकडे बघत होती.

काकांकडे पाहिलं तर ते खूश! "लिहून घे, लिहून घे," मला म्हणाले. तिथल्या तिथं मी सेक्रेटरी झालो.

सगळे गेल्यावर मी त्यांना गाठलं. "काका, अजून वेळ आहे. नाही म्हणा त्यांना."

"नाही कसं म्हणू? चीफनं भर सभेत हाक दिली, लोकांनी हात वर केले. आता म्हणू, खाली करा? उद्या मी मेलो तर शवपेटी उचलायला कोण येईल, तुझा कॉम्प्युटर?"

"मावशीला शब्द दिला होतात."

"मग? शब्द कुठं मोडला? राएल येतेय की!"

मी हात टेकले.

एवढ्या माणसांना हॉटेल परवडेना. तेव्हा काकांनी झांझिबारमधलं एक अख्खं घर भाड्यानं शोधून काढायला लावलं. मीच शोधलं, माझ्याच दुकानात बसून. संध्याकाळी त्यांनी ती बातमी मावशीला बक्षिसासारखी दिली.

"राएल, घर मिळालं! चार खोल्या, अंगण, आणि स्वयंपाकघर तर असं ऐसपैस!"

"किती ऐसपैस?"

"वीस माणसांचं आरामात होईल!"

मावशी हातातला कप पुसत राहिली. तो केव्हाच कोरडा झाला होता. "छान," ती म्हणाली.

ती तेव्हाच नाही म्हणाली असती तर? मी तिला विचारलंही. ती म्हणाली, "समुद्र पाहिलेला नाही रे मी. आणि तिथं गेल्यावर कुणाला तरी लाज वाटेल. इतकी माणसं आहेत, एकाला तरी वाटेल."

आम्ही शाळेची बस भाड्यानं घेऊन निघालो. नमांगाच्या सरहद्दीवर काका रांग सोडून थेट खिडकीपाशी गेले. आतला टांझानियन अधिकारी अतिशय गोड आवाजात म्हणाला, "बाबा, कृपा करून मागे उभे राहता का?" काकांनी छडी दाखवली. अधिकाऱ्यानं तितक्याच गोडीनं छडी बाहेर ठेवायला सांगितलं. पुढे आत्यांचं मुरसिक अडलं. भोपळ्यात मुरवलेलं, कोळशाची पूड घातलेलं आमचं दूध. त्या माणसानं झाकण काढून वास घेतला आणि दोन पावलं मागे सरला.

"हे काय आहे, आई?"

"दूध."

"काळं?"

"पी म्हणजे कळेल. अंगावर मांस नाही तुझ्या."

तो प्याला नाही, पण आम्हाला लवकर सोडलं. या सगळ्या गोंधळात आठवणीत राहिलं ते वेगळंच. बस जिथं थांबे तिथं खिडकीतून हाक येई, "राएल, चहा आहे का गं?" थर्मास मावशीच्या मांडीवर होते. ती ओतत होती.

दारेसलामला बस सोडून बोटीत बसलो. बोट हलायला लागली तशी काकांनी "क्षितिजाकडे बघा, क्षितिजाकडे!" असा हुकूम सोडला आणि सगळ्यात आधी स्वतः ओकले.

झांझिबारच्या घरात पोचल्यावर मला वाटलं होतं, निदान पहिलं जेवण बाहेर होईल. कोपऱ्यावरच खानावळ होती, नारळाच्या रसातल्या कालवणाचा वास घरापर्यंत येत होता. आत्यांनी तिथल्या पातेल्यात डोकावून पाहिलं आणि खांद्यावरचं कापड नाकाला लावलं. "ऑक्टोपस म्हणे. ज्याचे पाय मोजता येत नाहीत ते मी खाणार नाही."

"मासा आहे की," मी म्हटलं.

"मासा मेला तरी डोळे मिटत नाही. असल्याचा काय भरवसा?"

डोंगरातली, दुधातुपात वाढलेली माणसं आमची. आत्या नाही म्हणाल्यावर कुणीच खाईना. आणि मग बेटच्या बायकोनं सामानाच्या ढिगातून मक्याच्या पिठाची पोती ओढून काढली. पातेलंही होतं, आत्यांनी लग्नाकार्यातलं आणलेलं. सगळी तयारी घरूनच करून आलेली मंडळी! फक्त मावशीला कुणी सांगितलं नव्हतं.

"राएल आहे ना," आत्या म्हणाल्या. "सहाशे पोरींचं करायची. आपण वीस म्हणजे तिला काय, हात धुण्याइतकं काम."

हे वाक्य त्या सहलीत मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन. बायका मदतीला यायच्या, नाही असं नाही. यायच्या, कोबी किती बारीक चिरायचा ते विचारायच्या आणि मावशीनं करून दाखवला की तो पुरा करायला तिच्याकडेच सोडून जायच्या. मी कांदे सोलायला बसलो तर आत्यांनी हाकललं. "पुरुषानं चुलीशी बसायचं? तुला पोरगी कोण देईल?" मी म्हटलं, "जिला कांदे सोलायचे नाहीत ती स्वतःच येईल." त्यांना विनोद आवडला नाही.

काकांची वाट दाखवण्याची कामगिरी इकडे जोरात होती. रोज सकाळी ते छडी उंच धरून पुढे आणि आम्ही मागे, अशी मिरवणूक जुन्या शहराच्या गल्ल्यांत शिरायची. या गल्ल्या अशा, की दोन माणसं शेजारून चालली तर तिसऱ्याला भिंतीला चिकटावं लागतं. पितळी खिळ्यांचा तोच मोठा दरवाजा तिसऱ्यांदा समोर आला तेव्हा बेट म्हणाला, "चीफ, हा दरवाजा आपल्या मागं लागलाय का?"

काकांनी ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला हटकलं. आमच्याकडच्या पद्धतीनं, म्हणजे सरळ. "ए म्हाताऱ्या, समुद्र कुठाय? सांग लवकर!"

म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. "सलाम. बरे आहात? घरची मंडळी बरी? प्रवास सुखाचा झाला?"

"झाला, झाला. समुद्र कुठाय?"

"पाहुणे केनियाचे दिसता," म्हातारा मायेनं म्हणाला. "बसा. थोडी कॉफी घ्या. घाईत समुद्र सापडत नाही."

काका संतापून पुढे निघाले, त्यामुळे आम्हीही. आणि दरवाजा चौथ्यांदा आला.

मावशी या मिरवणुकांत नव्हतीच. आम्ही परतेपर्यंत मक्याच्या पिठाची घट्ट उगाली तयार पाहिजे, म्हणून ती घरीच. आम्ही दमून यायचो, ती ताटं मांडायची, आणि काका पहिला घास घेऊन म्हणायचे, "बघ, टूरमध्ये हे मिळालं असतं का? आपलं घरचं जेवण!" मी मावशीकडे बघायचं टाळायला लागलो होतो. परतीचा दिवस जवळ येत होता, आणि जिनं चार दिवस मागितले होते तिनं अजून समुद्रात पाय बुडवला नव्हता.

शेवटून दुसऱ्या दिवशी काकांनी जाहीर केलं, आज सगळे किनाऱ्यावर, राएलसुद्धा. मावशीचा चेहरा जरा उजळला. मग कळलं की जेवण बरोबर न्यायचंय. ती पहाटेपासून चुलीशी. चुकीच्या गाडीत बसून, उतरून, परत बसून आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. समुद्र हिरवा-निळा, वाळू पिठासारखी. मावशी थांबून बघत राहिली. चपला काढल्या. पाण्याच्या दिशेनं चालायला लागली.

"राएल, मीठ कुठं ठेवलंस?"

ती परत आली. मीठ दिलं. पुन्हा निघाली.

"राएल, बेटला वाढ गं आधी, त्याला गोळी घ्यायचीय."

बेटला वाढलं. मग बाकीच्यांना वाढलं, कारण बेट खातो म्हणजे काय. ती पळी हातात घेऊन पातेल्याशी उभी, पाठ समुद्राकडे.

शेजारीच झावळ्यांचं मोठं छप्पर होतं. तिथं टेबलं मांडलेली, टेबलांवर कापडं, आणि एका टेबलाशी मेट्रन लिया! हातात शहाळं, पायात वाळू, केस वाऱ्यावर. तिच्या टूरची माणसं गप्पा मारत बसली होती. त्यांची गाइड, रुकिया नावाची हसरी पोरगी, पिवळी छत्री मिटून प्रत्येकाला काय हवं ते विचारत फिरत होती.

"अगं राएल!" लिया ओरडली. "तू इथं पण पळी घेऊनच?"

चेष्टेनंच म्हणाली ती. आमच्यातले दोघं-तिघं हसलेही. काका सगळ्यात मोठ्यानं हसले. "अहो मेट्रन, पळीशिवाय ही मला ओळखूसुद्धा येणार नाही!"

मावशी हसली नाही. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. काकांजवळ गेली आणि पळी पुढे केली.

"धरा."

"मी? कशाला?"

"धरा तर."

काकांनी धरली. एका हातात छडी, दुसऱ्यात पळी. मावशी वाळूतून चालत छपराखाली गेली आणि लियाच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. रुकिया काहीतरी बोलली, मावशी काहीतरी बोलली. थोड्या वेळानं एक माणूस ताट घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवून गेला. मावशीनं ताटाकडे बघितलं. बराच वेळ नुसतं बघितलं. मग जेवायला लागली.

इकडे उगाली गार होत होती. "हिला म्हणावं, पुरे," काका मला म्हणाले. "सेक्रेटरी, जा, घेऊन ये."

मी गेलो. "मावशी, काका बोलावतायत."

"कशाला?"

"अजून वाढायचंय म्हणे."

"पळी त्यांच्याकडेच आहे." तिनं माशाचा तुकडा तोंडात घातला. "सांग, रुकियाच्या बसमध्ये किसुमूच्या एका बाईंची जागा रिकामी आहे. आजारी पडून आल्याच नाहीत त्या. हॉटेलातली खोलीही तशीच पडून आहे. शाळेनं निरोपाला दिलेलं पैशांचं पाकीट मी अजून फोडलं नव्हतं, ते आत्ता फोडलं. उद्यापर्यंत मी यांच्याबरोबर आहे. माझी पिशवी तेवढी संध्याकाळी आणून दे."

"आणि लोक काय म्हणतील ते?"

"ते तुझे काका तुला सांगतीलच," मावशी म्हणाली. ते खरंच होतं. मी वळून पाहिलं तर काका स्वतःच तरातरा येत होते.

"राएल! अगं चीफची बायको टूरवर? गावात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"तुम्ही इतकी माणसं आणलीत, कुणीतरी ठेवेल जागा."

"मी शब्द दिला होता, तो पाळला! तुला आणलं ना इथं?"

"आणलंत," मावशी म्हणाली. "आता जेवू द्या."

रुकियानं मध्ये पडून अदबीनं विचारलं, "बाबा, आपल्यासाठी थंड काही मागवू का?" या पोरीला कुणाचा राग कसा येत नाही, हे मला कळलं नाही. काका पळीसकट परत फिरले.

त्या संध्याकाळी आमच्या त्या ऐसपैस स्वयंपाकघरात चूल कुणी पेटवायची तेच ठरेना. आत्यांनी फर्मावलं की बेटच्या बायकोनं करावं. बेटच्या बायकोनं कंबर धरली. मग आत्यांनी स्वतःच पिठात पाणी ओतलं, की पाण्यात पीठ, कोण जाणे. खाली करपलं आणि वर कच्चं राहिलं. जावई तेवढा म्हणाला, "ऑक्टोपस म्हणतात इतका काही वाईट नसतो," आणि अर्धी मंडळी त्याच्यामागून कोपऱ्यावरच्या खानावळीकडे गेली. काकांनी त्यांना थांबवलं नाही. मला म्हणाले, "चल, तिची पिशवी देऊन येऊ."

त्यांनी सूट चढवला, टाय बांधला. हॉटेलपर्यंतची वाट त्यांनी विचारली नाही, मी विचारली. ते माझ्यामागे चालत होते. मला ते इतकं विचित्र वाटलं की मी दोनदा थांबून त्यांना पुढे घालायचा प्रयत्न केला. ते आले नाहीत.

जेवणाचा हॉल समुद्रालगत होता. दारावरच्या माणसानं, हे टूरच्या मंडळींसाठी आहे, असं सांगून आम्हाला थांबवलं. काकांनी नेहमीप्रमाणे छडीकडे हात नेला आणि ती घरी राहिल्याचं बहुधा तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं. रुकिया धावत आली. "आईंना विचारते," म्हणाली.

मावशी खिडकीशी बसली होती. केस धुतलेले, अंगावर झांझिबारचं नवं रंगीत कापड. तिनं आमच्याकडे पाहिलं, काकांच्या टायकडे पाहिलं.

"बसू दे दोघांना," ती म्हणाली. "पण त्यांना समोर बसव. शेजारी बसले की माझा हात आपोआप त्यांच्या ताटाकडे जातो."

काका समोर बसले. दोन्ही हात टेबलावर ठेवले, घरी ठेवतात तसेच, मध्ये ताटापुरती जागा सोडून. हॉलच्या टोकाला लांब टेबलावर जेवण मांडलेलं होतं. लोक जात होते, हवं ते घेऊन येत होते. काकांनी ते पाहिलं की नाही, कोण जाणे. ते वाट बघत होते.

"ताईनं उगाली करपवली," ते म्हणाले.

"अरेरे," मावशी म्हणाली.

"सकाळपासून पोटात नीट काही नाही."

"हो का?"

ते माझ्याकडे बघायला लागले. लहानपणापासूनची सवय, मी खुर्ची मागे सारून अर्धा उठलो, म्हटलं, काय त्यात, आणून देतो एक ताट. मावशीनं माझं मनगट धरलं.

"बस. तू जेव."

मी बसलो. मग काका उठले. सूटचं बटण लावलं आणि हॉलच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. रिकामी ताटं कुठल्या बाजूला रचलीयत ते त्यांना दिसत नव्हतं, आणि कुणाला कसं विचारावं हेही कळत नसावं. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मावशीनं एकदा तिकडे पाहिलं. माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, आणि पुढचा घास घेतला.